कपाळावरची सही

१

खून करून पळणारे पुष्कळ असतात. खून करून प्रेताच्या कपाळावर सही ठेवून जाणारा मात्र ताईच्या पाहण्यात आजवर आला नव्हता.

दुकानदार काउंटरच्या पलीकडे उताणा पडला होता. डाव्या कानावरचं हाड आत गेलं होतं, जबडा निखळून एका बाजूला लोंबत होता आणि उजव्या हाताच्या बोटांचा चेंदामेंदा झाला होता. कपाळाच्या मधोमध काळीनिळी सूज होती आणि त्या सुजेत फिकट अक्षरं उमटली होती. उलटी. ताईने पर्समधला छोटा आरसा काढला आणि वाकून कपाळासमोर धरला. आरशात अक्षरं सुलटी झाली, आणि जी सही मिळवण्यासाठी एके काळी लोक रांगा लावायचे ती सही तिच्याकडे बघू लागली.

"घण," ती म्हणाली.

"घणच," इन्स्पेक्टर म्हणाला. तो तिचा धाकटा भाऊ. गावाला धाक दाखवायचा आणि ताईसमोर अजूनही टोपी काढून उभा राहायचा.

ताईचा धंदा सह्यांचा. संग्रहालयं आणि लिलाववाले चित्रं, चेंडू, बॅटी, हातमोजे घेऊन तिच्या दारात यायचे आणि ती खरं म्हणेल ते खरं, खोटं म्हणेल ते खोटं. भीडमुर्वत ठेवायची तिला सवय नव्हती. त्यामुळे तिला मान पुष्कळ होता आणि मैत्रिणी कमी.

भावाने तिला भराभर सगळं सांगितलं. घण म्हणजे जुना नावाजलेला बॉक्सर. उजव्या हाताच्या ठोशावरून हे नाव पडलेलं. तरुणपणी त्याच्या ठोशाने रिंगमध्ये एक माणूस मेला होता, त्याचा बोभाटाही झाला होता. एका शिल्पकाराने त्याच्या पट्टी गुंडाळलेल्या उजव्या मुठीचं ब्राँझचं शिल्प केलं. मेणाचा नमुना तयार झाल्यावर मुठीच्या पुढच्या सपाट भागावर घणने स्वतः सही कोरली आणि मग ते ओतलं. शिल्पकाराने नंतर साचा फोडून टाकला आणि थोड्याच दिवसांत तोही गेला. म्हणजे तशी मूठ जगात एकच. ती विकण्यासाठी या दुकानात काचेच्या पेटीत ठेवलेली होती. आज सकाळी पेटी फुटलेली सापडली, रक्ताने माखलेली मूठ प्रेताशेजारी सापडली आणि घण प्रेताशेजारी मांडी घालून बसलेला सापडला. त्याचे हात लाल झाले होते.

"कबुलीही दिलीय," भाऊ म्हणाला. "संध्याकाळी त्याला तुरुंगात पाठवतोय. तू एवढंच सांग, कबुलीवरची सही त्याचीच ना? नाहीतर वकील म्हणेल, पोलिसांनी बनवली."

ताई उठताना जमिनीकडे बघत होती. रक्त वाळून त्याचा पापुद्रा झाला होता आणि पापुद्र्यावर पेटीच्या काचांचे तुकडे पडले होते. तिने एक तुकडा उचलून दोन्ही बाजूंनी पाहिला. तुकडा स्वच्छ होता. तिने तो जागच्या जागी ठेवला आणि कबुलीचा कागद हातात घेतला.

अक्षरं थरथरती होती, पण पहिलं वळण तेच होतं आणि शेवटचा झटकाही तोच होता.

"सही खरी आहे," ती म्हणाली. भावाचा जीव भांड्यात पडला. "पण कबुली वाच जरा नीट. ही या दुकानातली नाही."

२

कबुली चार ओळींची होती. मी त्याला मारलं. तो पडला, कानातून रक्त आलं. मी कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. तो उठलाच नाही.

"कुठल्या कोपऱ्यात?" ताईने विचारलं.

भावाने मान वळवून दुकान पाहिलं. चारही कोपऱ्यांत कपाटं, चौकटी आणि खोकी छतापर्यंत रचलेली होती. मांजर शिरायलाही जागा नव्हती. तो म्हणाला की म्हातारा आहे, डोक्यावर आयुष्यभर मार खाल्लाय, काय बोलतो त्याचं त्यालाच कळत नाही. ताई म्हणाली की मग त्याच्या बोलण्यावर त्याला तुरुंगात घालायला तुला बरं सुचतं.

पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत घण बाकावर बसला होता. खांदे अजून दारात मावणार नाहीत असे, पण चेहरा लहान मुलासारखा कोरा. शेजारी त्याची मुलगी होती. तिने ओल्या रुमालाने त्याच्या नखांतलं रक्त काढायला घेतलं होतं आणि ते निघत नव्हतं.

ताईने त्याला विचारलं, दुकानदाराला का मारलं? त्याने बराच वेळ विचार केला.

"मारलं असेल," तो म्हणाला. "माझ्याच हाताने मेला ना तो. मला चार हात आहेत."

"चार?" इन्स्पेक्टरने तोंड वाकडं केलं. "दोनाचे चार कधी झाले? या वयात लग्न केलं की काय?"

ताईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो खिडकीबाहेर बघू लागला. तिने मुलीला विचारलं, हे चार हातांचं खूळ कधीपासून?

मुलीला आठवायला वेळ लागला नाही. काल दुपारी दोघं बाजारातल्या हॉटेलात जेवायला गेले होते. हॉटेलवाला बाबांचा चाहता निघाला. कौतुकाने त्यांना आतल्या खोलीत काहीतरी दाखवायला घेऊन गेला, आणि बाहेर आले ते हेच बडबडत आले. तिथून तडक दुकानात गेले, दुकानदाराची गचांडी धरून आरडाओरडा केला. तिनेच त्यांना ओढून घरी नेलं. रात्री ते झोपले. सकाळी उठून पाहते तर दार उघडं. शोधत शोधत ती दुकानापाशी आली, तोवर पोलीस आले होते.

"कबुलीवर सही करायला मीच सांगितलं," ती म्हणाली. "मला वाटलं, त्यांनीच केलंय. साहेब म्हणाले, कबुली दिली तर तुरुंगातल्या दवाखान्यात ठेवतील. मी माझ्या बापाला खुनी समजले, बाई."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते केव्हाच संपलं असावं. ताईला तिची इतकी दया आली की तिने पुढचा प्रश्न मुद्दाम कोरडा विचारला. ब्राँझच्या सहीत, पहिल्या अक्षराच्या पोटात एक खाच दिसतेय, ती मुळातली का?

नाही, मुलगी म्हणाली. मूठ विकायला दिली त्या दिवशी दुकानाच्या पायरीवर ती बाबांच्या हातून निसटली. दगडावर आपटून खाच पडली. तोवर सही अगदी स्वच्छ होती.

"कपाळावरच्या सहीतही ती खाच आहे," भाऊ खिडकीपासूनच म्हणाला. "म्हणजे हत्यार तेच. झालं की सगळं सिद्ध."

"झालं," ताई म्हणाली. "पण तुला वाटतंय त्याच्या नेमकं उलट."

३

प्रेत हलवल्यावर दुकान मोठं वाटायला लागलं. भिंतीभर सह्यांचे हातमोजे टांगलेले होते, काही चित्रं, एक मळका चेंडू. प्रत्येकाखाली अस्सलपणाचं चकचकीत प्रमाणपत्र.

दुकानदाराची बायको स्टुलावर बसली होती. उजवा हात छातीशी पट्ट्यांनी घट्ट बांधलेला, डाव्या हाताने ती चहा पीत होती. खांद्याचं हाड नवऱ्याने गेल्या आठवड्यात मोडलं, हे तिने कोणी न विचारताच सांगितलं.

"मला रडायला येत नाहीये, त्याचं वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली. "मीच मारला असता. हात वर होत नाही म्हणून राहिला."

तिचा धाकटा भाऊ, म्हणजे दुकानदाराचा मेहुणा, लगबगीने पुढे आला आणि बहिणीच्या बोलण्याची माफी मागितली. ही सगळी प्रमाणपत्रं त्याच्याच सहीची. नीटनेटका, गोड बोलणारा, ताईला उठून खुर्ची देणारा माणूस. काल दुपारी घणने धिंगाणा घातला तो त्याने डोळ्यांनी पाहिला होता. आपण संध्याकाळ व्हायच्या आत घरी गेलो, दाजी एकटेच दुकानात थांबले होते, म्हातारा परत आला असणार. घणच्या लढती बघत आपण वाढलो, म्हणाला, त्याच्यावर ही वेळ यावी याचं फार वाईट वाटतं.

"पेटीची किल्ली कोणाकडे असायची?" ताईने विचारलं.

दाजींकडे, आपल्याकडे आणि ताईकडे, तो म्हणाला. स्वतःच्या बहिणीला तोही ताईच म्हणत होता, आणि इन्स्पेक्टरच्या ताईला हा शब्द त्याच्या तोंडी ऐकून उगाचच राग आला.

ती काउंटरपाशी गेली. तो मऊ लाकडाचा होता. जिथे दुकानदाराची बोटं चिरडली गेली, त्याच्या बोटभर पलीकडे एक खोल वण होता. एक घाव हुकला होता. वाळलेलं रक्त तिने ओल्या कापसाने हळूच पुसलं, तेव्हा वणाच्या तळाशी अक्षरं वर उठून आलेली दिसली. अर्धी सही, खाचेसकट. कपाळाची कातडी सुजते आणि फसवते. लाकूड सुजत नाही. लाकूड जसंच्या तसं धरून ठेवतं.

तिने पिशवीतून मुलं खेळतात ती रंगीत माती काढली, मळून वणात दाबली आणि ठसा अलगद उचलला. मग पोलिसांच्या ताब्यातली रक्ताळलेली मूठ मागवली आणि मोजायचा चिमटा लावला. आधी ठशावरच्या सहीला, मग मुठीवरच्या. पुन्हा ठशाला. पुन्हा मुठीला.

मेहुणा जवळ येऊन कुतूहलाने बघत होता. ताईने चिमटा मिटून पिशवीत टाकला आणि माती गोळा करून टाकली. म्हणाली, काही नाही, सवय आहे आमची.

बाहेर जीपमध्ये बसल्यावर तिने दार लावून घेतलं.

"ज्या मुठीने तो मेला," ती भावाला म्हणाली, "ती तुझ्याकडे नाहीच."

४

भावाने कपाळाला हात लावला. सही तीच, खाच तीच, मग मूठ दुसरी कशी?

ताईने त्याला समजावून सांगितलं, आणि तो मध्ये बोलला नाही हेच पुष्कळ. वितळलेला धातू थंड होताना आकसतो. म्हणून मूळ शिल्पावरूनच साचा घेऊन कोणी नक्कल ओतली, तर ती मुळापेक्षा किंचित लहान उतरते. डोळ्याला कळत नाही, चिमट्याला कळतं. लाकडातली सही मुठीवरच्या सहीपेक्षा लहान आहे. म्हणजे घाव नकलेने घातलेत. खरी मूठ घावांनंतर लगेच किल्लीने पेटी उघडून काढली, ओल्या रक्तात लोळवली आणि शेजारी ठेवली; पेटी फोडायचं पुष्कळ वेळाने सुचलं. काचा वाळलेल्या रक्तावर पडल्यात आणि खालून कोरड्या आहेत, त्या उगाच नाही. माणूस मेला तेव्हा पेटी शाबूत होती.

"नक्कल कोणी केली?"

"खाच बघ ना. ती दुकानाच्या पायरीवर पडली. नकलेत ती खाच आहे, म्हणजे साचा मूठ दुकानात आल्यानंतर घेतला. त्यानंतर घणचा आणि त्याच्या मुलीचा तिला हात लागलेला नाही. ती कुलपात होती आणि किल्ल्या तिघांकडे. त्यातला एक मेला. एकीचा उजवा हात छातीला बांधलाय, एकट्या डाव्या हाताने एवढी जड मूठ उचलून ती उभ्या माणसाच्या कपाळावर वरून घाव घालू शकत नाही."

इन्स्पेक्टरने शिट्टी वाजवायला तोंड गोल केलं आणि आवरलं. तो म्हणाला की हे सगळं ठीक, पण नक्कल हाती आल्याशिवाय न्यायाधीश मला हाकलून देतील. ती तर आतापर्यंत कुठल्या तरी विहिरीच्या तळाला गेली असेल.

ताईच्या डोक्यात म्हातारा बडबडत होता. दोन हात त्याचे स्वतःचे. तिसरा दुकानातल्या पेटीत.

"हॉटेल," ती म्हणाली. "गाडी हॉटेलवर घे. चौथा हात तिथे आहे."

हॉटेलवाल्याने त्यांना मोठ्या अभिमानाने आतल्या खोलीत नेलं. टेबलावर, मखमलीच्या तुकड्यावर, ब्राँझची मूठ होती. गेल्या महिन्यात दुकानदाराच्या मेहुण्याकडून गुपचूप घेतली, म्हणाला. काल दुपारी दुकानदार स्वतः येऊन, तपासायची आहे म्हणून घेऊन गेला. तेव्हा जरा धाकधूक वाटली. पण माणसं सचोटीची. आज सकाळी हॉटेलचं दार उघडतोय तोच मेहुणा ती परत घेऊन आला. नवीन प्रमाणपत्रही दिलं.

ते प्रमाणपत्र त्याने पुढे केलं. आजची तारीख, मेहुण्याची सही आणि वर ठळक अक्षरांत: अस्सल.

ताईला क्षणभर हसू आलं, आणि लगेच त्याची शिसारी आली. लपवायला जागा शोधत न बसता त्याने हत्यार धुतलं, पुसलं आणि गिऱ्हाइकाला परत दिलं. न दिलं असतं तर गिऱ्हाइकाने बोंब मारली असती. धंद्याच्या सवयीने सोबत प्रमाणपत्रही जोडलं. खुनाच्या हत्याराला.

५

संध्याकाळी दुकानात सगळ्यांना बोलावलं. बायको त्याच स्टुलावर बसली. घणला मुलीने हाताला धरून आणलं होतं, दोघं भिंतीवरच्या हातमोज्यांखाली उभी राहिली. दारात एक हवालदार. मेहुण्याने पुन्हा ताईला खुर्ची दिली. ती बसली नाही.

तिने खरी मूठ काउंटरच्या वणात ठेवली. मूठ बसली नाही, कडेला अडकून डुगडुगत राहिली. मग इन्स्पेक्टरने पिशवीतून दुसरी मूठ काढली आणि ताईने ती वणात ठेवली. अक्षर अक्षरावर गेलं, खाच खाचेवर गेली. मूठ चपखल बसली.

ताईने प्रमाणपत्र मेहुण्यासमोर धरलं.

"ही सही तुमचीच ना? मी तपासलीय. खरी आहे."

मग तिने सगळं सांगून टाकलं. घणने हॉटेलात आपला चौथा हात पाहिला आणि इथे येऊन ओरडला. सगळ्यांना ते वेड वाटलं, फक्त दुकानदाराला नाही. त्याने जाऊन ती मूठ आणली आणि संध्याकाळी मेहुण्यासमोर काउंटरवर आपटली. पाठीमागे नकला विकतोस, आता तुझी सही या बाजारात कोणी विचारणार नाही, असं काहीसं म्हणाला असेल. मूठ हाताशीच होती. पहिला घाव बोटांवर बसला, दुसरा हुकून लाकडावर, तिसरा कपाळावर. पडल्यावरही मेहुणा थांबला नाही.

स्टुलावरून बायको हळू आवाजात बोलली.

"माझ्यासाठी केलंस, असं तरी म्हण."

मेहुण्याने तिच्याकडे पाहिलं. तेवढी एक संधी त्याला होती.

"तुझ्यासाठी कशाला?" तो म्हणाला, आणि त्याने वणातली मूठ उचलली.

इन्स्पेक्टर पुढे झाला. घाव त्याच्या खांद्यावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तो गुडघ्यावर आला. मेहुणा त्याला ओलांडून ताईकडे वळला. त्याच्या गोड चेहऱ्यावर आता काहीच उरलं नव्हतं. ताईच्या पाठीला कपाट लागलं. मूठ वर गेली आणि ताईला फक्त त्या मुठीवरची सही दिसत होती, आणि इतकी भीती तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

घण कधी हलला ते कोणाला कळलं नाही. मुलीच्या हातातून त्याचा हात सुटला, एक पाऊल पडलं आणि उजवा हात थोडासाच पुढे गेला. मेहुण्याचा जबडा वाजला. ब्राँझची मूठ जमिनीवर आपटली आणि तिच्या पाठोपाठ तो सबंध आपटला. कानातून रक्ताची बारीक धार निघाली.

हवालदाराने त्याच्या अंगावर उडी घातली. घणने तिकडे पाहिलंही नाही. तो पाठ फिरवून चालू लागला. दुकानाच्या लांबच्या कोपऱ्यापाशी गेला. तिथे खोकी होती, ती त्याने दोन्ही हातांनी बाजूला ढकलली, चौकटी फुटल्या. मग भिंतीला पाठ लावून, हात खाली सोडून तो उभा राहिला आणि वाट बघू लागला.

ताईला तेव्हा कळलं. बॉक्सिंगमध्ये समोरचा पडला, पंच आकडे मोजायला लागला की मारणाऱ्याने लांबच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं असतं. तो उठेपर्यंत. सकाळची कबुली खोटी नव्हतीच. शब्द न् शब्द खरी होती, फक्त दुसऱ्याच मरणाची होती. या माणसाने तरुणपणी रिंगमध्ये एकाला मारलं, तो उठला नाही, आणि त्या कोपऱ्यातून हा आजपर्यंत बाहेर पडला नव्हता. सकाळी पडलेल्या दुकानदाराला उठवायला गेला, डोक्याखालचं ओलं रक्त हाताला लागलं आणि तो पुन्हा तिथेच जाऊन पोचला होता.

तिने हे मोडक्या खांद्याच्या भावाला खालच्या आवाजात सांगितलं. त्याने डाव्या हाताने खिशातून कबुलीचा कागद काढला आणि दातात धरून फाडला.

कोपऱ्यातून घणने विचारलं, "उठला का?"

मुलीने वळून पाहिलं. हवालदाराने मेहुण्याच्या हातात बेड्या घातल्या होत्या आणि काखेत हात घालून त्याला ओढत उभं केलं होतं. जबडा लोंबत होता, तोंडातून रक्त गळत होतं, गुडघे लटपटत होते. पण तो पायांवर उभा होता.

"उठला, बाबा," ती म्हणाली. "बघा ना. उभा आहे."

घणने मान वाकवून नीट पाहिलं. मेहुण्याला दारातून बाहेर नेईपर्यंत तो पाहतच राहिला. मग त्याने मोठा श्वास सोडला, काचांवरून जपून पाय टाकत कोपऱ्यातून बाहेर आला आणि मुलीला म्हणाला, चल, घरी जाऊ.